रिपोर्टमध्ये स्पर्म झिरो, एक डॉक्टर म्हणतात नळी बंद आहे. ऑपरेशन करावं का डायरेक्ट इक्सी (लॅबमध्ये अंड्यात सुईने एक स्पर्म सोडतात ते)?

केळीवाला_तापीकाठ

नमस्कार मंडळी, नाव सांगत नाही समजून घ्या, आमच्या चोपड्याकडे एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत टपरीवर चर्चा असते. माझं वय ३१, बायको २७, लग्नाला साडेचार वर्षं झाली आणि अजून मूल नाही. आधी सगळा दवाखाना बायकोचाच चालला, तिच्या सोनोग्राफ्या, पाळीच्या दुसऱ्या दिवसाचं रक्त, तो डाय सोडून काढतात तो नळ्यांचा एक्सरे, सगळं नॉर्मल. माझी तपासणी कर असं घरात कोणी म्हटलं नाही आणि दवाखान्यातही बरेच दिवस कोणी म्हटलं नाही. शेवटी एका मॅडमनी विचारलं, मिस्टरांचा रिपोर्ट कुठे आहे, तेव्हा केला.

रिपोर्ट असा: वीर्य २.६ मिली, पीएच ७.८, फ्रुक्टोज पॉझिटिव्ह, स्पर्म निल. महिन्याभराने दुसऱ्या लॅबला पुन्हा केला तरी निलच. मग रक्त, एफएसएच (मेंदूखालच्या ग्रंथीचं हार्मोन) ४.२, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. खालची सोनोग्राफी केली तर दोन्ही अंडकोष साईजला चांगले, एपिडिडिमिस (अंडकोषाला चिकटलेली बारीक नळीची गुंडाळी) दोन्ही बाजूला थोडे फुगलेले, डाव्या बाजूला ग्रेड १ व्हॅरिकोसील, म्हणजे फुगलेल्या शिरा, लिहिलंय.

जुनं सांगायचं तर सहा वर्षांचा असताना उजव्या बाजूचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. आणि कॉलेज संपलं त्या सुमारास डावी बाजू एकदम सुजली होती, ताप, चालता येईना, गोळ्या घेतल्यावर उतरलं पण खाली एक छोटी गाठ राहिली ती अजून हाताला लागते. दुखत नाही म्हणून कधी लक्ष दिलं नाही.

आता गंमत अशी की तीन डॉक्टर, तीन मतं. एक म्हणे व्हॅरिकोसीलचं ऑपरेशन करून घ्या काउंट येईल. दुसरे म्हणे वेळ घालवू नका, इक्सीचं पॅकेज घ्या, लगेच ॲडव्हान्स भरा. तिसरे म्हणे हे ब्लॉकेज वाटतं, मायक्रोसर्जरीवाल्याला दाखवा. मामेसासऱ्यांनी एका वैद्याची पावडर पाठवलीय ती वेगळीच.

माझा साधा प्रश्न आहे. आमच्या बागेत ठिबकची नळी चोक झाली की आम्ही ॲसिड सोडतो आणि ती मोकळी होते. तसं औषधाने ही नळी मोकळी होत नाही का? आणि ब्लॉकेजच आहे हे नक्की कसं कळतं? ज्यांना माहिती आहे त्यांनीच सांगा, टिंगल नको.

भुसावळ_जंक्शन

काय भो एवढं टेन्शन घेऊन राहिला. आपल्याकडं मे महिन्यात ४५च्या वर जातं, गरमीनं स्पर्म मरतात हे कोणीही सांगेल. दिवसभर मोटरसायकल, त्यात टाईट जीन्स. सहा महिने सुती कपडे घाल, थंड पाण्यानं आंघोळ कर, ती पावडर पण घेऊन बघ, नुकसान काय आहे. माझ्या मित्राचा काउंट कमी होता, असंच करून वाढला.

लॅबमधला_माणूस

भुसावळवाले भाऊ, तुमच्या मित्राचा काउंट कमी होता, ह्यांचा निल आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. गरमीनं, तापानं संख्या आणि हालचाल कमी होते हे खरं, पण दोन लॅबमध्ये दोनदा साफ निल आणि एफएसएच मस्त, हे जीन्समुळे होत नाही.

मी जळगावात लॅबमध्येच आहे, वीर्याचे नमुने रोज बघतो, म्हणून त्या बाजूचं सांगतो. ‘निल’ लिहायच्या आधी नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसलेला गाळ बघायला पाहिजे, त्यात कधी कधी चार-दोन स्पर्म सापडतात आणि मग सगळी कहाणीच बदलते. तुमच्या रिपोर्टवर तसं लिहिलंय का ते बघा, नसेल तर फोन करून विचारा, लाजू नका. अजून एक, नमुना देताना पहिला भाग बाटलीबाहेर सांडला असेल तर तसं सांगायचं, कारण स्पर्म जास्त करून पहिल्या भागातच असतात. २ ते ७ दिवसांचा गॅप पाहिजे. आणि गावाहून बाटली खिशात घालून मोटरसायकलवर आणणारे लोक येतात, दीड तास उन्हातून, तो नमुना हालचाल बघायला काही कामाचा राहत नाही. लॅबमध्येच द्यावा. जागा नाही म्हटले तर लॅब बदला.

आता तुमचे आकडे. वीर्य म्हटलं की लोकांना वाटतं सगळं अंडकोषातून येतं. तसं नाहीये. त्याचा मोठा भाग, म्हणजे अर्ध्याहून बराच जास्त, सेमिनल व्हेसिकल नावाच्या दोन पिशव्यांतून येतो, फ्रुक्टोज ही साखर तिथलीच. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकात व्हॉल्यूमची खालची मर्यादा १.४ मिली धरलीय. तुमचं २.६ आहे, फ्रुक्टोज आहे, पीएच अल्कलाईन आहे, म्हणजे त्या पिशव्या आणि त्यांच्या पुढचा रस्ता चालू आहे. अडथळा असला तर त्याच्या मागे कुठेतरी, अंडकोषाच्या बाजूला. व्हॉल्यूम अर्धा मिली, पीएच ॲसिडिक, फ्रुक्टोज निगेटिव्ह असं असतं तर मी वेगळं बोललो असतो.

निदान माझं काम नाही, हाताने तपासणारा माणूस बघा. तुम्ही लिहिलंय त्यात तीन डॉक्टरांपैकी कोणी हात लावून तपासलं का ते लिहिलेलं नाही.

केळीवाला_तापीकाठ

बरोबर पकडलंत. तिसऱ्यांनी तपासलं, पहिल्या दोघांनी फक्त फाईल बघितली. गाळाचं विचारलं लॅबला, दुसऱ्या रिपोर्टला फिरवून बघितलंय म्हणाले, तरी निल.

अमळनेरचा_युरो

मूळचा अमळनेरचा, आता नाशकात युरोलॉजी करतो. आधीच सांगतो, इथे वाचून निदान होत नाही, पण दिशा सांगता येते. थोडं लांबेल, गोड मानून घ्या.

वीर्यात स्पर्म अजिबात नसणं ह्याला अझूस्पर्मिया म्हणतात. साधारण शंभरात एका पुरुषाला असतं, म्हणजे तुम्हाला वाटतं तितकं दुर्मिळ नाही, लोक फक्त बोलत नाहीत. त्यातल्या साधारण ४० टक्क्यांत कारखाना व्यवस्थित चालू असतो आणि वाट बंद असते. बाकीच्यांत तयारच होत नाही किंवा अगदी कमी होतं. ह्या दोघांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत आणि हा फरक न करता पॅकेज विकणं मला पटत नाही.

फरक कसा करायचा? महागड्या तपासण्या लागत नाहीत. अंडकोष स्पर्म बनवायला कमी पडायला लागले की मेंदूखालची ग्रंथी जोर लावते आणि एफएसएच वाढतं. एफएसएच ७.६ च्या आत आणि अंडकोषाची लांबी ४.६ सेमीपेक्षा जास्त असेल तर ब्लॉकेजची शक्यता फार मोठी. तुमचं ४.२ आहे, साईज चांगली आहे आणि एपिडिडिमिस फुगलेले आहेत, म्हणजे मागे माल तुंबलाय. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतात. एक अपवाद सांगून ठेवतो, काही जणांत स्पर्म अर्धवट बनून मध्येच थांबतात, त्यांचंही एफएसएच आणि साईज नॉर्मल असते. म्हणून १०० टक्के मी म्हणणार नाही. पण मग निव्वळ खात्रीसाठी आधी वेगळी बायोप्सी करू का, असा प्रश्न येतो, तर तुमच्यासारख्या केसमध्ये ती सहसा लागत नाही. उगीच एकदा चिरून ठेवलं की पुढच्या सर्जनला चिकटलेल्या जागेत काम करावं लागतं. काही बघायचंच असेल तर दुरुस्तीच्या टेबलावरच बघतात.

हाताने काय बघतो? शुक्रवाहिनी, म्हणजे व्हास, चिमटीत धरली की कडक दोरीसारखी लागते. ती दोन्हीकडे आहे का, सलग आहे का, मध्ये गाठी आहेत का. टीबीमध्ये तिच्यात गाठी गाठी लागतात, आपल्या देशात टीबी विसरून चालत नाही, तिथे आधी टीबीचा पूर्ण कोर्स आणि नंतरही बरेचदा नळी जोडण्यात अर्थ नसतो, इक्सीकडेच जावं लागतं. काही जणांत ती नळी जन्मतःच नसते, ते सोनोग्राफीत नेहमी कळत नाही, बोटांना कळतं.

तुमची हकीकत वाचून मला दोन जागा दिसतात. लहानपणी हर्नियाच्या पिशवीला चिकटूनच व्हास असते, सहा वर्षांच्या पोराची ती अगदी बारीक, ऑपरेशनमध्ये ती दुखावली जाऊ शकते, हे पुस्तकातलं नोंदलेलं कारण आहे. म्हणजे उजवी बाजू जांघेत बंद असू शकते. आणि डाव्या बाजूला सूज आणि ताप येऊन राहिलेली गाठ, ती इन्फेक्शनने बंद झालेली एपिडिडिमिसची शेपटी असण्याची शक्यता. असं इन्फेक्शन क्लॅमिडिया, गोनोरिया ह्यांनीही होतं, लघवीच्या साध्या जंतूंनीही होतं, तेव्हा बायकोने संशय घ्यायचं कारण नाही. एक बाजू चालू असती तर तुम्हाला कळलंही नसतं. (आमच्या गुरुजींच्या पिढीला देवीच्या रोगानंतर नळ्या बंद झालेले पुरुष बरेच भेटायचे. देवी गेली, ते कारणही गेलं.)

आता ॲसिडचा प्रश्न. आवडला मला. पण नाही भाऊ. इन्फेक्शन चालू असताना अँटिबायोटिकने सूज उतरते, एकदा व्रण होऊन नळी मिटली की कुठलीही गोळी, पावडर, काढा ती उघडत नाही. एपिडिडिमिसमधली नळी उलगडली तर साधारण ६ मीटर लांब आणि आतून पाव मिलिमीटरहून बारीक आहे.

व्हॅरिकोसील: ग्रेड १ ने पूर्ण निल, वरून एफएसएच नॉर्मल आणि एपिडिडिमिस तुंबलेलं, हे जमत नाही. ते ऑपरेशन करून तुमच्या बंद नळीला काहीही होणार नाही.

शहाद्याची_वहिनी

मी बायकोच्या बाजूने लिहिते, चालेल ना. दादा, सर्वात आधी तुमच्या मिसेसला सांगा की इतकी वर्षं जे झालं ते तिच्या अंगावर काढायचं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी मला प्रत्येक गुरुवारी कुठे ना कुठे नेलं, ओटी भर, नारळ वाढव. दोष निघाला ह्यांच्यात तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही आणि मग सासूबाई म्हणाल्या, बाहेर सांगू नको, माझंच नाव राहू दे. माझंच म्हणजे माझं, त्यांचं नाही 😄

आमच्या ह्यांचा रिपोर्ट लॅबवाल्या दादांनी सांगितला तसाच होता, व्हॉल्यूम अगदी कमी, फ्रुक्टोज नाही. सुरतच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं तपासून सांगितलं की दोन्ही नळ्या जन्मापासूनच नाहीत. एवढी वर्षं कोणी हातच लावला नव्हता. अशांत सीएफटीआर नावाच्या जीनमध्ये दोष असू शकतो, म्हणून ह्यांचं आणि माझं दोघांचं रक्त पाठवलं. माझं का, तर दोघांतही निघाला तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसाचा मोठा आजार व्हायची शक्यता असते. माझं स्वच्छ निघालं. किडनीची सोनोग्राफी पण करायला लावली, कारण काही जणांना एका बाजूची किडनी नसते. ही गोष्ट मला एकाही आधीच्या दवाखान्यात कळली नव्हती.

नळीच नाही तर जोडणार काय, म्हणून आमच्यापुढे इक्सीच होतं. सुईने एपिडिडिमिसमधून स्पर्म काढले, त्याला पेसा म्हणतात, जागा बधिर करून केलं, संध्याकाळी ते चालत घरी आले. उरलेले फ्रीज करून ठेवले. खरा त्रास बायकोचा, रोज इंजेक्शनं, पोट फुगतं, मग अंडी काढतात, आणि पहिल्या वेळेला राहिलं नाही. दुसऱ्या वेळेला राहिलं. मुलगी आहे, दोन वर्षांची.

एक सांगते, सही करायच्या आधी फॉर्म वाचा. २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे सेंटर रजिस्टर्ड पाहिजे आणि नवरा-बायको दोघांची लेखी संमती पाहिजे. आम्हाला एका ठिकाणी (सुरत नाही) आययूआय, म्हणजे वीर्य धुऊन गर्भाशयात सोडतात ते, करू म्हणाले. ह्यांच्या वीर्यात स्पर्मच नाहीत तर आययूआय कशाची करणार? विचारलं तेव्हा हळूच म्हणाले डोनरचे वापरतात. डोनर घेणं चूक नाही, आमच्या नात्यात घेतलंय, पण आम्हाला न सांगता? उठून आलो.

धुळेकर_आप्पा

भाऊ, डोकाले तरास करी लेवू नको, समदं बरं व्हई. आते आपला खान्देशमां बी चांगला डॉक्टर शेतस, नही ते नाशिक कितलं दूर शे?

बाकी मराठीत सांगतो, पावडरीचं नुकसान काय म्हणणाऱ्यांनी जपून बोलावं. बिनलेबलच्या पावडरीत काय असतं कोणालाच माहीत नसतं. आणि जिममधल्या पोरांनी ऐकावं, ताकदीची म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली की स्पर्म बनणंच बंद होतं, माझ्या भाच्याचं तसंच झालं होतं, बंद केल्यावर हळूहळू परत आले. ह्या भाऊचा प्रश्न तो नाही, पण वाचणाऱ्यात कोणी असेल.

केळीवाला_तापीकाठ

डॉक्टरसाहेब, वहिनी, आप्पा, मनापासून आभार. बायकोला वहिनींचं वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, फोन घेऊन स्वतः परत वाचत बसली.

आता पुढचं विचारतो. म्हणजे मला दोन रस्ते आहेत ना, एक नळी जोडायची, दुसरा सुईने काढून इक्सी. जोडण्यात काय काय करतात आणि चान्स किती? खर्च मी जमवीन, यंदा केळीला भाव बरा आहे, पण दोन्ही एकदम नाही जमणार. आणि एका दवाखान्यात म्हणाले आधी व्हॅसोग्राफी म्हणून डाय टाकून एक्सरे काढू, मग ठरवू.

अमळनेरचा_युरो

व्हॅसोग्राफी आधी वेगळी करू नका. व्हासला भोक पाडून डाय सोडायचा म्हणजे तिथे नवीन व्रण व्हायची शक्यता. दुरुस्तीच्या वेळीच, टेबलावर, पुढच्या बाजूला सलाईन सोडून बघतात सहज जातं का. कधी निळा रंग सोडतात, कॅथेटरमधून लघवी निळी आली की पुढचा रस्ता मोकळा. तेवढं पुरतं.

ऑपरेशनमध्ये मायक्रोस्कोपखाली व्हास कापून अंडकोषाच्या बाजूने काय येतं ते काचेवर घेऊन बघतात. पातळ पाणी आलं, त्यात स्पर्म दिसले, तर व्हासला व्हास जोडायची. दाट पेस्टसारखं आलं आणि स्पर्म नाहीत तर अडथळा एपिडिडिमिसमध्ये आहे, मग फुगलेली नळी निवडून ती व्हासच्या तोंडात बसवायची. त्याला व्हॅसोएपिडिडिमोस्टॉमी म्हणतात. १०-० नायलॉनचा टाका असतो, केसापेक्षा बारीक, टेबलावर पडला तर शोधायला लागतो. १९०२ मध्ये फिलाडेल्फियात एडवर्ड मार्टिन यांनी ही जोडणी पहिल्यांदा केली पण नीट जमायला मायक्रोस्कोप यावा लागला. एका बाजूला दोन-दोन तास जातात, म्हणून हे काम नियमित करणाऱ्याकडेच करा, सर्जनला सरळ विचारा की तुम्ही असे किती करता. चांगला सर्जन रागावत नाही.

तुमच्या डाव्या बाजूला हीच जोडणी लागेल असं वाटतं. उजवी बाजू जांघेत तुटली असेल तर तिची टोकं शोधणं अवघड, वरचं टोक पोटात आकसून गेलेलं असतं. पण इथे एक छान युक्ती असते, आणि तुमच्यासारख्या केसमध्येच ती उपयोगी पडते. उजवीकडचा अंडकोष आणि एपिडिडिमिस चांगलं पण पुढची नळी गेली, डावीकडे एपिडिडिमिस गेलं पण पुढची नळी चांगली, तर उजव्या अंडकोषाकडून आलेली व्हास मधल्या पडद्यातून पलीकडे नेऊन डावीच्या पुढच्या नळीला जोडतात. क्रॉसओव्हर. एकच जोड, आणि तोही व्हासला व्हास, जो जास्त टिकतो. इतकी वर्षं तुंबून उजवं एपिडिडिमिसही आत फुटून बंद झालं असेल तर ते जमणार नाही, मग डाव्या बाजूचीच जोडणी. हे टेबलावरच ठरतं, आधी कोणी शब्द देत असेल तर विश्वास ठेवू नका.

चान्स: एपिडिडिमिसच्या जोडणीत साधारण ५० ते ८० टक्के लोकांत स्पर्म परत दिसतात, नैसर्गिक दिवस राहायचं प्रमाण त्याहून बरंच कमी, २० ते ४० टक्क्यांच्या आसपास. स्पर्म यायला सहा महिने ते वर्षही लागतं, दुसऱ्या महिन्यात रिपोर्ट निल आला म्हणून रडत बसू नका. आणि काही जणांत आलेले परत बंद होतात, म्हणून पहिल्यांदा चांगले दिसले की फ्रीज करून ठेवा. ऑपरेशनच्या वेळीच सापडलेले स्पर्म फ्रीज करायची सोय असेल त्या ठिकाणी करा, म्हणजे जोड बसला नाही तरी इक्सीसाठी पुन्हा सुई नको.

ठरवायचं कसं? बायकोच्या वयावर. ३६-३७ असत्या आणि अंडी कमी असती तर मीच म्हटलं असतं की वर्षभर वाट बघू नका, इक्सी करा. २७ आहेत, नळ्या मोकळ्या आहेत, एकदा एएमएच (अंड्यांचा साठा किती ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, तो चांगला असेल तर मी आधी जोडणीचा विचार करीन. जोड टिकला तर दुसऱ्या मुलालाही पुन्हा खर्च नाही, आणि सगळी इंजेक्शनं बायकोने घ्यायची असंही नाही. इक्सी वाईट नाही हो, १९९२ मध्ये ते तंत्र आलं म्हणून वहिनींच्या घरी मुलगी आहे. अडथळ्याच्या केसमध्ये काढलेले स्पर्म चांगलेच असतात. पण प्रत्येक सायकलला यश येतंच असं नाही आणि पॅकेजवाले हे बारीक अक्षरात लिहितात.

पारोळेकर७७

साहेब मधेच विचारतो, माझी नसबंदी होऊन ११ वर्षं झाली, आता दुसरं लग्न झालंय. उघडता येते का? का उशीर झाला?

अमळनेरचा_युरो

येते. नसबंदीत नळी एका ठिकाणी मुद्दाम कापलेली असते, बाकी सगळं चांगलं, म्हणून निकाल वरच्या केसपेक्षा चांगले लागतात. १९९१ मध्ये अमेरिकेतला १,४६९ पुरुषांचा मोठा अभ्यास छापला गेला, आजही त्याचेच आकडे सांगतात. तीन वर्षांच्या आत उघडली तर ९७ टक्क्यांत स्पर्म परत आले आणि ७६ टक्के जोडप्यांत दिवस राहिले. ९ ते १४ वर्षांत, म्हणजे तुमच्या गटात, ७९ आणि ४४. पंधरा वर्षांपुढे ७१ आणि ३०. तेव्हा उशीर झालेला नाही, पण अजून थांबू पण नका. आणि नव्या वहिनींचं वय किती ते लिहिलं नाहीत, तो आकडा तुमच्या ११ पेक्षा महत्त्वाचा आहे.

केळीवाला_तापीकाठ

अपडेट देतो. नाशिकला जाऊन आलो, मायक्रोसर्जरी करतात अशा एकांना दाखवलं. टेबलावर न झोपवता उभं करून तपासलं, दोन्ही हातांनी, बराच वेळ. उजवी नळी खाली लागते पण वर जांघेतल्या व्रणाजवळ हरवते म्हणाले, डावीकडची सलग आहे आणि गाठ एपिडिडिमिसच्या शेपटीलाच आहे. म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच. क्रॉसओव्हरचं मी विचारलं तर हसून म्हणाले कुठे वाचून आलात, पण हो, आत गेल्यावर बघू, जमलं तर तेच करू. बायकोचा एएमएच चांगला आलाय.

कटाई आटोपली की तारीख घ्यायची ठरवलंय. घरी आईला सांगितलं. आधी म्हणाली हर्नियाच्या वेळी आम्हाला काय कळत होतं, मग बायकोला जवळ बोलावून चहा कर म्हणाली आणि स्वतःच उठून करायला गेली.

विचारायचं एकच, काम किती दिवस बंद? घड उचलायला माणसं आहेत पण पाण्याची पाळी मलाच बघावी लागते.

अमळनेरचा_युरो

पाण्याची पाळी आठवड्याने चालत जाऊन बघा, मोटरसायकलवर खड्ड्यातून नको. घड, खताच्या गोण्या, स्टार्टर बिघडला म्हणून मोटर हलवणं, असलं काही महिनाभर नाही. संबंध तीन-चार आठवडे नाहीत, नेमकं तुमचे सर्जन सांगतील. खाली घट्ट सपोर्ट घाला, त्या सुती ढगळ कपड्यांचा सल्ला सध्या बाजूला ठेवा. तंबाखू असेल तर सोडा, रक्तपुरवठा आणि स्पर्म दोन्हीला वाईट.

भुसावळ_जंक्शन

भो बेस्ट ऑफ लक. पावडरचं मी असंच बोललो होतो.

रावेरचा_एक

थोडं वेगळं आहे पण विचारून घेतो. मला शुगर आहे १२ वर्षांपासून, मूल एक आहे, दुसऱ्यासाठी प्रयत्न करून राहिलो तर आता बाहेर जवळजवळ काही येतच नाही, भावना सगळी होते पण कोरडं. ही पण नळी बंद समजायची का?

लॅबमधला_माणूस

लगेच तसं समजू नका. जुन्या शुगरमध्ये मूत्राशयाच्या तोंडाचा झडप लागायचा स्नायू सैल पडतो आणि वीर्य बाहेर यायच्याऐवजी मागे मूत्राशयात जातं. तपासणी सोपी आहे, आधी लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं, मग नमुना द्यायचा, आणि त्यानंतर लगेच जी लघवी होईल ती वेगळ्या बाटलीत. आम्ही ती फिरवून बघतो, त्यात स्पर्म दिसले तर उत्तर मिळालं. त्यावर गोळ्या आहेत आणि तेवढ्याने नाही झालं तर त्याच लघवीतून स्पर्म धुऊन वापरता येतात, पण त्यासाठी आधीपासून लघवीची ॲसिडिटी कमी करायचं औषध देतात, म्हणून घरच्या घरी प्रयोग नको. लघवीतही काही नसेल तर मग गुदद्वारातून करायची सोनोग्राफी, सेमिनल व्हेसिकल फुगलेत का आणि शेवटच्या नळीच्या तोंडाशी गाठ आहे का ते बघायला. तसं निघालं तर दुर्बिणीने ते तोंड मोकळं करता येतं. लॅबला यायच्या आधी फोन करून सांगा की लघवीचा नमुना पण द्यायचाय, नाहीतर काउंटरवर एकच बाटली हातात देतील. आणि येताना तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट घेऊन या.